विद्युल्लता आणि ओला टॉवेल

सलूनवाल्याच्या दुकानात टॉवेलला जो मान होता तो गिऱ्हाइकालाही नव्हता. गिऱ्हाईक बाकावर कसंही पसरलं तरी चालायचं. टॉवेल मात्र घडीवर घडी घालून, काठ आत करून, कपाटात शिस्तीत बसलेला असायचा. दाढी झाली की आधी गरम टॉवेल, मग कोरडा, आणि वापरलेला लगेच मागच्या दोरीवर, दोन्ही टोकांना चिमटे लावून. "टॉवेल बघावा आणि दुकान ओळखावं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लोकही मान डोलवायचे, कारण वस्तरा त्याच्या हातात असायचा.

आणि हाच गृहस्थ घरी आंघोळ झाली की ओला टॉवेल पलंगावर भिरकावून द्यायचा. तोही नेमका बायकोच्या बाजूला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लग्न झाल्यापासून बायको सांगत आली होती, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बायकोचा आवाज साऱ्या शहराच्या ओळखीचा होता, चेहरा कुणाच्याच नाही. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणणारी तीच आणि बँकेला फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणारीही तीच. आवाज असा मऊ, की दारात बोट चेंगरलं तरी माणसानं आधी 'धन्यवाद' म्हणावं. लोक त्या आवाजावर ताटकळत, वैतागत, कधी चार शिव्याही हासडत. पण ऐकत कुणीच नसे. तिच्या मनात फार दिवसांपासून एकच होतं. एकदा तरी आपण असं काही बोलावं, की लोकांनी हातातलं काम टाकून ऐकावं.

म्हणून 'हाणामारी महासंघ' या खेळासाठी तिला बोलावणं आलं तेव्हा ती हरखून गेली. खेळ फोनवरचा, मारामारीचा, एकापेक्षा एक अचाट वीरांचा. त्यात भिंतोबा होता, जो संकट आलं की भिंत व्हायचा आणि मग बराच वेळ भिंतच राहायचा. चुंबकराज नावाचा खलनायक होता, जो समोरच्याच्या घरातली भांडीकुंडी खेचून त्याच्याच डोक्यात घालायचा. आणि बोटांतून विजा सोडणारी विद्युल्लता होती. तिचा आवाज म्हणजे आमच्या या बाई.

ठोसा मारतानाचं "हाः!" तिला जमलं. ठोसा खाल्ल्यावरचं "आई गं!" तर फारच छान जमलं. घोडं अडलं ते विजयाच्या आरोळीवर. चुंबकराज जमिनीवर आडवा, आणि विद्युल्लतेनं गरजायचं, "अन्यायाचा अंत झाला!" तिनं ते म्हटलं. स्टुडिओतल्या काचेपलीकडून साउंडवाल्यानं 'नाही' अशी मान हलवली. तिनं पुन्हा म्हटलं.

"बाई," साउंडवाला कळवळून म्हणाला, "अन्याय तिसऱ्या मजल्यावर उतरतोय असं वाटतंय हो. जरा थांबू या."

थांबल्या वेळात तिनं घरी फोन लावला. नवरा दुपारी दुकान बंद करून घरी आला होता, आंघोळ उरकून जरा आडवा झाला होता, आणि शहाणा फोनवर तिलाच विचारत होता, "अगं, आपला पलंग ओला कसा लागतोय गं?"

मग जे झालं ते काचेपलीकडे साउंडवाल्यानं ऐकलं आणि त्याच्या यंत्रानंही. माईक चालूच होता.

आता या धंद्यात एक रीत आहे. खेळ तयार होत असताना खरा आवाज जिथे आला नसेल, तिथे हाताशी असेल तो कामचलाऊ आवाज लावून ठेवतात. दाराच्या आवाजाच्या जागी कुणाचा तरी खोकला, स्फोटाच्या जागी डबा आपटल्याचा आवाज. शेवटी सगळे बदलायचे असतात. साउंडवाल्यानं बाईंच्या फोनवरच्या बोलण्याचा तुकडा विजयाच्या आरोळीच्या जागी लावला. बाईंनी नंतर दिलेली बऱ्यापैकी आरोळी त्यानं जपून बाजूला ठेवली. इतकं जपून, की ती लावायची राहिलीच, आणि खेळ बाजारात आला.

सलूनवाल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो छत्र्या दुरुस्त करणाऱ्या छत्रीवाल्याची मिशी कोरत होता. बाकावर पोस्टमन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. अचानक फोनमधून धडाम आवाज आला आणि पाठोपाठ सलूनवाल्याची स्वतःची बायको कडाडली,

"किती वेळा सांगायचं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून! पलंग आहे तो, कपडे वाळत घालायची दोरी नाही!"

कात्री कचकन मिटली. छत्रीवाल्याची मिशी एका बाजूनं आखूड झाली ती झालीच.

"काय बाई आहे!" पोस्टमन खूश होऊन म्हणाला. "जिंकलं की असं झापते. तसा खेळ यथातथाच. फोन तापतो, तो भिंतोबा मध्येच भिंत होऊन बसतो, कथेच्या नावानं बोंब. पण हिच्यासाठी खेळायचं."

"पण टॉवेलचं काय?" छत्रीवाल्यानं आरशात मिशीकडे बघत विचारलं.

"त्यावर वाद चाललाय. काही म्हणतात चुंबकराजाच्या पाठीवर जो झगा आहे तोच टॉवेल. त्याच्या प्राणाची किल्ली त्यात आहे म्हणे."

"छे हो. ही घरचीच भाषा आहे. घरात असणार कुणीतरी एक नंबरचा आळशी मेला. काय शेठ?"

"असेल की," शेठ म्हणाला, आणि कपाटातल्या टॉवेलांकडे त्याला बघवेना.

चार दिवसांत तो आवाज गल्लीभर झाला. फळवाल्याच्या गाडीवरून टॉवेल, बसथांब्यावरून टॉवेल, शाळेच्या कुंपणाआडून टॉवेल. खेळाखाली लोक शेरे लिहीत होते, तेही पोस्टमन मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकानं लिहिलं होतं, 'मारामारी ठीक, बाई जबरदस्त.' दुसऱ्यानं, 'मी खलनायक घेऊन मुद्दाम हरतो.' तिसऱ्यानं लिहिलं होतं, 'आमच्या आईला ऐकवलं, ती म्हणाली ही माझ्या मनातलं बोलते.' सलूनवाला प्रत्येक शेऱ्याला आतून दचकायचा. अजून कुणाला पत्ता लागला नव्हता. पण ज्यानं जन्मभर टॉवेलच्या घडीवर नाव कमावलं, त्याचं नाक कापलं जायला एक शब्द पुरे होता.

घरी बायको आनंदानं न्हाऊन निघाली होती. "अहो, ऐकलंत का? लोक हातातलं काम टाकून ऐकताहेत!"

"घरचं भांडण बाजारात मांडलंस," तो म्हणाला. "वर हसतेस."

"मी कुठं मांडलं? त्या साउंडवाल्याच्या हातून राहून गेलं."

"आता तुला बोलायला जागाच ठेवत नाही बघ," तो म्हणाला, आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

सूड कुणी कसा घेईल सांगता येत नाही. कुणी आदळआपट करतं, कुणी जेवण टाकतं. या माणसानं सूड म्हणून नीट वागायला सुरुवात केली. टॉवेल दोरीवर, चिमटे लावून. चपला जोडीनं कोपऱ्यात. चहाची कपबशी प्यायल्या प्यायल्या धुऊन पालथी. बायको काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि बोलण्यासारखं काही सापडलं नाही की मिटायची. तो "हं" म्हणायचा किंवा तेही नाही. घर आरशासारखं लख्ख झालं आणि त्यात दोन माणसं पाहुण्यांसारखी वावरू लागली.

तशातच कंपनीनं खेळाचा पुढचा भाग काढायचं ठरवलं. चूक त्यांच्या पथ्यावर पडली होती. आता त्यांना विद्युल्लतेच्या नव्या आरोळ्या हव्या होत्या, तशाच, घरच्या, कडकडीत. बायको गेली आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आली. दुसऱ्या दिवशी गेली, तसंच झालं.

"येतच नाही," तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना ती आरशाला म्हणाली, कारण नवरा उत्तर देत नव्हता. "माईकसमोर उभी राहिले की लिफ्टच बाहेर पडते. आज नाही जमलं तर दुसरी बाई घेणार आहेत. नाटकातली आहे कुणी. तिला रागावता येतं म्हणे, पाहिजे तेव्हा."

सलूनवाल्यानं कपबशी धुतली, पालथी घातली आणि दुकानात निघून आला. त्याला बरं वाटायला हवं होतं. विद्युल्लता दुसरीच झाली की टॉवेल विसरला जाणार होता, अब्रू शाबूत राहणार होती. पण बरं काही वाटेना.

दुपारी दुकानात पोस्टमन एकटाच होता. खुर्चीत मान टाकून बसला होता आणि छातीवरच्या फोनमधून विद्युल्लता पुन्हा पुन्हा ओरडत होती.

"कंटाळा नाही येत?" सलूनवाल्यानं जरा तिरसटपणे विचारलं.

"नाही," पोस्टमन डोळे न उघडता म्हणाला. "आमची बायको गेल्यापासून माझा टॉवेल कुठंही पडलेला असतो हो. पलंगावर, खुर्चीवर, टीव्हीवर. कुणी काही म्हणत नाही. परवा मीच मोठ्यानं म्हटलं, 'अरे, उचल तो,' तर माझाच आवाज ऐकून कसंतरी झालं. म्हणून हिला लावतो. घरात कुणी असल्यासारखं वाटतं."

सलूनवाला त्याच्या गालाला साबण लावत राहिला, मग थांबला. आपण घरात काय करून ठेवलंय ते त्याला एकदम दिसलं. तिची बोलती बंद करायला निघालो आणि खरंच बंद केली. आता ती पुन्हा जन्मभर दारं उघडत-मिटत राहणार, आणि त्याला कारण आपण.

"बसा," तो म्हणाला. "आलोच."

"अहो, साबण लावलाय!"

"वाळला तर पुन्हा लावीन!"

त्यानं कपाटातला सगळ्यात चांगला टॉवेल काढला, नळाखाली धरला, पिळला नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून धावत सुटला.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा होता. साउंडवाला कानाला हेडफोन लावून, डोकं हातात धरून बसला होता. काचेपलीकडे बायको माईकसमोर हात जोडल्यासारखी उभी होती आणि म्हणत होती, "थांब दुष्टा, तुझी घटका भरली." असं वाटावं, की दुष्टानं कृपया पिवळ्या रेषेमागे उभं राहावं.

सलूनवाला सरळ आतलं दार ढकलून शिरला. तिच्यामागे एक गुबगुबीत खुर्ची होती, खुर्चीवर तिची पर्स. त्यानं पिशवीतून टॉवेल काढला आणि इतक्या वर्षांच्या सरावानं, न बघता, भिरकावला. फच्च.

तिनं वळून पर्सकडे पाहिलं. मग टॉवेलकडे. मग त्याच्याकडे. साउंडवाल्याचा हात हळूच बटणाकडे गेला.

"अहो, तुम्हाला काही लाजबीज?" ती कडाडली. "घरचा पलंग पुरला नाही म्हणून इथं आलात? ती पर्स आहे, तिच्यात माझा चष्मा आहे!" आवाजानं काच थरथरली. सलूनवाला मनातून खूश झाला. एवढंच हवं होतं. पण ती थांबली नाही. "आणि महिनाभर काय चालवलंय हे? टॉवेल दोरीवर, चपला कोपऱ्यात, आणि नवरा कुठाय? मी एकटी भिंतींशी बोलतेय! रागवायचं तर रागवा, भांडायचं तर भांडा, पण बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि डोळे भरून आले. टॉवेलवरची बोलणी खायची त्याची तयारी होती, याची नव्हती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"काय?"

"चुकलं माझं गं."

खुर्चीवरून पाणी टपटपत होतं. मग काचेपलीकडून साउंडवाल्याचा दबलेला, हावरा आवाज आला.

"बाई, तुमचं सगळं ठेवतो. आणि यांचं ते 'चुकलं माझं' ठेवू का? चुंबकराजाला हरल्यावर म्हणायला काहीच नाहीये."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. आता हो म्हटलं की गल्लीत कोण ओळखणार नाही? सलूनवाल्यानं पर्सवरचा टॉवेल उचलला, नीट पिळला, घडी घातली.

"ठेवा," तो म्हणाला.

पुढचा भाग आला त्या दिवशी दुकानात बाकावर जागा नव्हती. पोस्टमननं पहिली लढत मोठ्या आवाजात लावली. विजा कडाडल्या, भांडी उडाली, भिंतोबा सवयीप्रमाणे भिंत झाला, आणि अखेर चुंबकराज आडवा पडला. त्याच्या छातीवर पाय देऊन विद्युल्लता गरजली, "भांडायचं तर भांडा, पण बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"बोलतो, बोलतो," पोस्टमन फोनला म्हणाला आणि स्वतःच हसला.

आणि फोनमधून, जमिनीवरून, पडलेल्या आवाजात उत्तर आलं, "चुकलं माझं."

बाकावर हशा पिकला. छत्रीवाला तेवढा हसला नाही. त्याची मिशी आता कुठे सारखी झाली होती. त्यानं मान तिरकी करून खुर्चीमागे उभ्या असलेल्या सलूनवाल्याकडे आरशात बघितलं.

"शेठ, हा आवाज ऐकल्यासारखा वाटतो हो."

सलूनवाल्यानं कपाटातून टॉवेल काढला, झटकला, आणि त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "टॉवेलही माझाच."