पाहुण्यांसाठी आणलेली खाट

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

एका वेल्डरने लोखंडी नळ्या वाकवल्या, वर नायलॉनच्या पट्ट्या ताणल्या आणि मला घडवलं. "पाहुणा आला की उघडायची, गेला की दाराआड उभी करायची," असं दुकानदाराने आईंना बजावलं होतं. पण दादाचं लग्न झालं, त्याच्या धाकट्या बहिणीची खोली त्याला गेली आणि मी धाकटीच्या वाट्याला आले. "तुझं लग्न होईपर्यंतच गं," आई म्हणाल्या. तिला लग्न करायचंच नव्हतं. झालं! ती कायमची पॅसेजमध्ये. रात्री पाणी प्यायला उठणारा जो तो माझ्या पायाला ठेचकाळायचा आणि वर तिच्यावरच डाफरायचा.

पुढे आई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मला त्यांच्या पलंगाशेजारी टाकलं. "तुला काय, मागे ना पुढे कुणी. तूच रजा काढ," दादा म्हणाला. तिने काढली. आई जाईपर्यंत ती माझ्यावरच झोपली. माझ्या मधल्या नळीने तिच्या कंबरेची पार वाट लावली. पण ती नळी काय मी बसवली होती?

यंदा धाकटीने स्वतःच्या पगारावर घर घेतलं. ऐसपैस पलंग करून घेतला आणि मला बाल्कनीत उभं केलं. मला कोण आनंद झाला! तर पहिले पाहुणे आले दादा आणि वहिनी. दादाने न विचारता बॅगा तिच्या पलंगावर टाकल्या आणि मला ओढत बाहेरच्या खोलीत आणून उघडलं.

"तुला काय, तू कुठेही झोपतेस. आम्ही दोघं आहोत."

"बॅगा उचल," धाकटी म्हणाली.

"अगं, पण..."

"उचल म्हणते ना! घर माझं, पलंग माझा. वहिनी, तू आत ये माझ्याजवळ. दादा, तू इथे."

वहिनी हसू दाबत आत गेली. मीही कसर ठेवली नाही, मधली नळी रात्रभर दादाच्या कंबरेत रुतवून ठेवली. सकाळी तो कण्हतच उठला.

"अगं, हिच्यावर माणूस झोपतो तरी कसा?"

"लग्न झालेलं नसलं की झोपतो," धाकटी म्हणाली आणि तिने चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

मित्रांनो, माझ्या बिजागरांना तेल द्या, मला गंजू देऊ नका, पाहुणा आला की खुशाल उघडा. पण घरच्या माणसाला माझ्यावर झोपवायचं असेल, तर आधी एक रात्र तुम्ही झोपून बघा.