फुटल्या बांगडीचा धनी

पुकारा

राजुऱ्याच्या कोर्टात पट्टेवाला दारात आला, तशा व्हरांड्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. नाव भलत्याचंच निघालं. माना पुन्हा खाली गेल्या.

नूरुद्दीननं मान वर केलीच नव्हती. तारखांना येऊन येऊन तो एवढं शिकला होता. बांगड्यांची पेटी पायाशी होती. इथून सुटलं की सायकलवर पुढची गावं करायची. शेजारी इकरा, त्याची मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. समोरच्या बाकावर आरोपी अजीम नवा शर्ट घालून मोबाइलवर सापाचा खेळ खेळत होता.

आज इकराची साक्ष होती. सकाळी घरातून निघताना नूरुद्दीननं तिला सांगितलं होतं, वकिलानं काहीही विचारलं तरी म्हण, मला आठवत नाही.

ती चप्पल पायात सरकवून पुढे चालू लागली होती.

आधीचं

नागरिकहो, गोष्ट तशी तुमच्या-आमच्या घरातली. इकरा कॉलेजच्या कामासाठी अजीमच्या सायबर कॅफेत जायची. तिथंच तिनं ऑर्कुटवर खातं उघडलं, आणि एकदा ते उघडंच ठेवून उठली. वर्गातल्या एका मुलाशी केलेल्या साध्या गप्पा आणि मावसबहिणीच्या लग्नातला फोटो, एवढं अजीमच्या हाती लागलं. त्याला तेवढं पुरलं. तिच्या नावाचं दुसरं खातं काढून त्यानं फोटोखाली नको ते लिहिलं आणि तिला निरोप पाठवला: घरातून काहीतरी आणून दे, नाहीतर हे छापून बसस्टँडवर चिकटवतो.

इकरानं आपले चांदीचे पैंजण दिले. मग आईचे सोन्याचे कानातले. नसीमनं, तिच्या आईनं, डबा उघडून कानातले शोधले तेव्हा सगळं बाहेर आलं.

आणि इथं नूरुद्दीन चुकला. ही चूक बांगडीवालाच करू जाणे. बांगडीवाला परक्या बाईचा हात हातात घेतो, ओसरीवर बसतो. त्याला रडलेले डोळे दिसतात, मनगटावरचे वळ दिसतात. पण घरात पाहिलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा बापानं शिकवलेला पहिला धडा. जन्मभर पाळला म्हणून तर दारं उघडी राहिली. स्वतःच्या घरावर वेळ आली तेव्हाही त्याला तेच सुचलं. तो अजीमच्या वडिलांकडे, हाजीसाहेबांकडे गेला, खालच्या आवाजात सांगितलं आणि घरातलं घरात ठेवा म्हणाला. हाजीसाहेबांनी चहा पाजला. पोराला रागावतो म्हणाले.

कानातले परत आले नाहीत. अजीमला मात्र कळलं, की हे घर गप्प बसणारं आहे. पुढच्या निरोपात वस्तू मागितली नव्हती. इकरानं एकटीनं यावं, असं होतं.

ती ठाण्यात गेली. निरोप पुसले नव्हते. चंद्रपूरला जाऊन तिनं ते छापून आणले होते. हवालदार देवरावांनी ते उलटसुलट पाहिले.

"हे ऑर्कुट कुठी येते पोरी? आपल्या हद्दीत हाये का?"

पण माणूस बरा होता. कळलं नाही म्हणून हाकललं नाही. तक्रार लिहून घेतली, चंद्रपूरहून जाणकार बोलावला, कॅफेतला कॉम्प्युटर जप्त केला. धमकी देऊन खंडणी उकळल्याचा गुन्हा लागला.

मग तारखा. एका तारखेला वकील आजारी. एका तारखेला साहेब रजेवर. एका तारखेला पंच आलाच नाही. एका तारखेला—

जाऊ द्या.

अजीम जामिनावर सुटला, कॅफे पुन्हा सुरू झाला. इकराचं कॉलेज सुटलं. गावोगावी बाया हात पुढे करायच्या आणि विचारायच्या, पोरीचं काय झालं, नूरभाऊ? काल मगरीबच्या नमाजानंतर बिरादरीची माणसं घरी आली. अजीमचं लग्न ठरलंय, म्हणाली. पोरगी भर कोर्टात असलं बोलली तर तिच्याशी निकाह कोण करील, म्हणाली. नूरुद्दीननं मान डोलावली. भीतीनं नाही. माणूस थकला की डोलावतो तशी.

व्हरांडा

"नूरभाऊ, खाली हातानं काऊन बसला? भर मले चुड्या. साहेबाचं जेवन होऊस्तोवर होते."

वर्धा नदीच्या काठच्या गावातली रंभाबाई. मासेमारीवरून झालेल्या भांडणात तिच्या मुलाचं नाव होतं, त्याच्या तारखेला आली होती. लग्नापासून ती आधी त्याच्या बापाकडे आणि मग नूरुद्दीनकडे बांगड्या भरत आलेली.

त्यानं पेटी उघडली, तिचा हात घेतला. पाण्यानं आणि जाळ्याच्या दोरीनं कडक झालेला हात. दोन बांगड्या चढल्या. तिसरी, टक् करून, गेली.

"माहा हात म्हंजे मरळ माशाचं डोस्कं," रंभाबाई हसली. "तुही काय चूक? लाव ते माह्या हिशोबात."

"नाई बाई. भरताना वाढली ते माही. घरी गेल्यावर वाढली ते तुमची. बापापासून असंच हाये."

फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, तसं तो सवयीनं बोलून गेला आणि तुकडे वेचू लागला. रंभाबाईनं हात मागे घेतला नाही. हनुवटीनं इकराकडे दाखवलं.

"मंग हिचं कोनाच्या नावावर?"

नूरुद्दीन थांबला.

"ज्याच्या हातानं मोडलं तो तिथी बसून साप खेळून राह्यला. आन् भरून कोन देऊन राह्यलं? कालेज हिचं गेलं. मान तू खाली घातली. तुह्या धंद्यात असा हिशोब चालते का, नूरभाऊ?"

"थकलो मी, बाई. तिचं नाव—"

"नाव गावभर झालंच हाये. आता तिनं तोंड उघडलं तं निदान खरं काय ते जाईन. हे आज गप राह्यली, तं उद्या तो कोनाची पोरगी धरन? माही नातीन, आचल, परवाच त्याच्या दुकानात जाऊन आली."

तेवढं बोलून तिनं पुन्हा हात पुढे केला. "भर आता. हळू भर."

नूरुद्दीनला बांगडी दिसेना. हातात तुकडे तसेच होते. त्याच्या हातून फुटलेली एकही बांगडी त्यानं कधी कुणा बाईच्या माथी मारली नव्हती, गरिबीतसुद्धा नाही. आणि आज सकाळी, घराच्या दारात, त्यानं स्वतःच्या लेकीला—

"इकरा नूरुद्दीन, हाजिर!"

इकरा उठली. बापाकडे एकदाच पाहिलं.

"सकाळी मी सांगतलं ते विसर," तो म्हणाला. "बाकी काही विसरू नको!"

साक्ष

ती विसरली नाही. अजीमच्या वकिलानं विचारलं, कॅफेत जायचीच कशाला, मुलाशी बोलायचीच कशाला, घरच्यांची परवानगी होती का. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. इतक्या दिवसांपूर्वीचं तुला शब्दन् शब्द कसं आठवतं, असं त्यानं शेवटी विचारलं.

"आठवते साहेब. रोज आठवते."

बाकावर अजीमनं मोबाइल खिशात घातला.

निकाल लागेपर्यंत आणखी तारखा झाल्या. शिक्षा झाली, फार मोठी नाही, आणि वर अपील आहेच. कानातले गेले ते गेले. हाजीसाहेब सलाम घेत नाहीत. इकरा पुन्हा कॉलेजात जाते. निकालाच्या दिवशी घरी कुणी मिठाई वाटली नाही. नूरुद्दीन भिंतीला टेकला आणि बसल्या जागी झोपला.

नागरिकहो, धमकी चिठ्ठीत असो की कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तो गुन्हाच आहे. मागेल ते देऊन ती थांबत नाही, झाकून ठेवली की पोसते. आलेले निरोप पुसू नका, जपा आणि पोलिसात जा. ठाण्याची पायरी चढलेल्या मुलीकडे बघून कुजबुजू नका. ज्याच्या हातानं फुटलं, त्यानंच भरून द्यायचं असतं. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या ते मुलीच्या नावावर लावत आलो.

नूरुद्दीन अजून गावं करतो. बाया म्हणतात, नूरभाऊ हल्ली बोलका झाला. कुणाच्या मुलीच्या हातात बांगड्या भरताना तो आता विचारतो, पोरी, कोनी तरास तं नाई देत?

मुलगी गप्प झाली, तर पुढची बांगडी तो लगेच उचलत नाही. थांबतो.