शंभूरावांचा होकार

"अप्पा, शेवटी अम्मा काय म्हटली?" ताराने वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारले.

तेरावे उरकून पाहुणे पांगले होते. म्हैसुरातल्या नजरबादच्या घरात आता बाप आणि लेक दोघेच उरले होते.

"काफी देतेस का स्वल्प?" शंभूराव म्हणाले.

ऐकू गेले नसेल, असे समजून तारा उठली. या वेळी मात्र त्यांना सगळे ऐकू गेले होते.

शंभूरावांचे कान काही वयाने गेले नाहीत. ते मोठ्या थाटात, जेट विमानापायी गेले. साठ सालच्या सुमारास मुंबईला पहिली बोइंग आली, तेव्हा म्हैसूरचा हा विशीतला मेकॅनिक तिच्या इंजिनाखाली उभा होता. जुनी पंख्यांची विमाने गुरगुरत, ही किंचाळायची. कानात कापसाचे बोळे कोंबायचे आणि हातांनी बोलायचे. अंगठा वर म्हणजे ठीक, हातांची फुली म्हणजे थांब. लंडनचे प्रवासी अत्तर लावून शिडी चढत आणि आपणच निघाल्यासारखे शंभूराव खाली हरखत. हौसेला मोल नसते म्हणतात. त्यांनी दोन्ही कान देऊन टाकले.

निवृत्त होऊन गावी परतले, तोवर बायकोने, तुळसाबाईंनी, त्या खुणा उचलल्या होत्या. स्वयंपाकघरातून अंगठा दिसला की हे पानावर बसत. कानातले यंत्र नुसत्या शिट्ट्या मारी, म्हणून ते डबीतच असे. खुणा पुरल्या नाहीत की शंभूराव सरळ "हो" म्हणून मोकळे होत. "अय्यो, नंदीबैल आहेत नुसते!" म्हणत तुळसाबाई हसायच्या.

दवाखान्यात तारा औषध आणायला खाली गेली आणि नेमके तेव्हाच तुळसाबाईंनी डोळे उघडले. हात सलाइनच्या पट्ट्यांत अडकलेले. ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले. शंभूरावांनी वाकून कान लावला. काही नाही. पुन्हा सांग म्हणावे, तर बाई इतकी दमलेली. ते म्हणाले, "हो." तिने समाधानाने डोळे मिटले, ते मिटलेच.

तारा कॉफी घेऊन आली आणि त्यांच्या पायाशीच बसली. "हेळि अप्पा, सांगा की. माझं नाव काढलं? आमच्या दोघींच्या त्या भांडणाचा राग मनात ठेवूनच गेली का?"

आईने तुझेच नाव घेतले, एवढे म्हटले असते तर पोरीचा जीव शांत झाला असता. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेही. पण तुळसाच्या तोंडी आपले शब्द घालायला त्यांचा जीव धजेना.

"मला ऐकू आलं नाही ग," ते म्हणाले. "मी सुम्ने, उगाच, हो म्हटलं."

ताराने मान वर केली.

"काहीतरी मागितलं तिनं. मी कबूल केलं, म्हणून निवांत गेली. आता मी काय करू, तारा? काय कबूल केलंय मी?"

ताराने त्यांच्या मांडीवर डोके टाकले. ती रडते आहे, हेही त्यांना ऐकू आले नाही. धोतर ओले लागले, तेव्हा त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला.