काडीपैलवानाचं खरं नाव

"सर, काडीपैलवानाचं खरं नाव काय होतं?"

पैज एवढ्याचीच होती. प्रश्न संपला आणि मागच्या बाकावर मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले. विचारणारी मात्र ताठ उभी. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग एका भाषणाच्या स्पर्धेत तिला बक्षीस काय मिळालं, तिचा आवाज जो फुटला तो मिटायचं नाव घेईना. वर्गाने तिचं नाव ठेवलं भोंगा, आणि तिनेही ते पदकासारखं मिरवलं.

काडीपैलवान म्हणजे जीवशास्त्राच्या लॅबमधला सांगाडा. प्लॅस्टिकचा नव्हे, खऱ्या हाडांचा. खिडकीजवळ हुकाला टांगलेला, बरगड्या तारेने बांधलेल्या, डाव्या पायाची दोन बोटं केव्हाच हरवलेली. आदल्या दिवशी शेजारी पांढराशुभ्र नवा सांगाडा येऊन उभा राहिला होता. शनिवारी मोडक्या बाकांबरोबर जुन्याचीही रवानगी भंगारात, असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं.

सर ओरडतील म्हणून वर्ग सावरून बसला. सरांनी खडू खाली ठेवला.

"नाव मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण पैलवान नव्हता तो. बाई होती."

हसू जागच्या जागी थिजलं.

"कमरेचं हाड बघा. किती रुंद आहे! जबडा बघा. मी या शाळेत आलो त्या दिवसापासून मला माहीत आहे."

"मग आम्ही इतकी वर्षं पैलवान पैलवान करतोय, तेव्हा तुम्ही काहीच का नाही बोललात?" भोंगाच्या तोंडून निघून गेलं. हा प्रश्न पैजेतला नव्हता.

सरांनी सांगाड्याकडे पाहिलं. "पेपरात विचारत नाहीत," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराची त्यांना लाज वाटल्यासारखी दिसली.

मैत्रिणींनी पैजेचं चॉकलेट दिलं. भोंगाने ते दप्तरात टाकलं आणि ती विसरूनही गेली. मधल्या सुट्टीत ती इतिहासाच्या बाईंना जिन्यातच गाठून म्हणाली, "बाई, सांगाडे येतात कुठून?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पूर्वी विकत मिळायचे. ज्यांचं प्रेत न्यायला कोणी आलं नाही, त्यांचेच. कुठल्या सावकाराचा सांगाडा लॅबमध्ये टांगलेला ऐकलायस का गं?"

"नाही."

"ऐकणारही नाहीस."

भोंगा त्या दिवशी उरलेल्या तासांना गप्प होती. मैत्रिणींना वाटलं, भोंग्याचा सेल संपला.

शाळा सुटल्यावर तिने सरांकडे लॅबची किल्ली मागितली. शेवटचं एकदा चित्र काढते म्हणाली. याच सांगाड्याच्या चित्रात तिचे मार्क कापले गेले होते, कारण तिने बोटं मोजून, समोर दिसली तेवढीच काढली होती आणि पुस्तकात पायाला पाच होती. आता ती स्टुलावर चढली आणि पहिल्यांदाच त्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून बसली. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला एक बारीक खाच होती. जणू कोणी कानसीने घासून काढावी तशी.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. ती खाच तिच्या ओळखीची होती. रोज तिच्यासमोर बसून जेवायची ती.

तिचे आईवडील दोघेही शिवणकाम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. आई टाका घातला की दोरा दाताने तोडायची. वडील म्हणायचे, "अगं, कात्री काय पूजेला ठेवलीय?" आणि आई म्हणायची, "दात फुकट आहेत." इतक्या वर्षांच्या दोऱ्याने दाताला खाच पडली होती. त्यामुळे आई हसताना तोंडावर हात धरायची.

भोंगा स्टुलावरून उडी मारून शिक्षकांच्या खोलीकडे पळत सुटली. सर आणि बाई, दोघेही तिथेच होते.

"ती शिवायची! सर, ती शिवायची! दाताला खाच आहे, दोऱ्याची!"

दोघेही तिच्यामागून लॅबमध्ये आले. सरांनी भिंग लावून दात पाहिला. "हा मी पाहिला होता," ते हळूच म्हणाले. "झीज म्हणून सोडून दिला."

"मी तर इतक्या जवळ कधी आलेच नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझं बरोबर?"

सर चटकन हो म्हणाले नाहीत. "जोडे शिवणारे तोंडात खिळे धरतात. कोणी चिलीम ओढतं. खाच त्यानेही पडते. टेलरच्या पोरीला टेलरबाई दिसली, हेही असू शकतं ना?"

भोंगाचा चेहरा पडला. इतकी मोठी गोष्ट हाती लागली आणि वाळूसारखी निसटली. मग तिने पुन्हा वर पाहिलं. "पण मी टेलरची पोर नसते, तर मला खाच दिसली असती का?"

बाईंनी पुढे होऊन सांगाड्याच्या मनगटाला हलकेच बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, तिला विचारायचं राहून गेल्यासारखं.

"शिवत असो की नसो," भोंगा म्हणाली, "भंगारात नाही ना जाणार ती?"

सर मोठ्या बाईंकडे गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते घाम पुसत. मेडिकल कॉलेजात फोन लावला होता. त्यांच्याकडे आलेल्या देहांना ते नीट, मानाने माती देतात, हिलाही देतील. शनिवारी सकाळी गाडी येईल.

"फक्त पोत्यात बांधून ठेवा म्हणाले."

"पोत्यात?"

"अगं, पद्धत असते त्यांची."

भोंगाने दप्तर उचललं.

घरी आली तेव्हा वडील कॉलरला इस्त्री करत होते आणि आई मशीनवर होती. या घरात एक नियम होता, आईने घातलेला. मुलीने मशीनला हात लावायचा नाही. "माझी पाठ गेली तेवढी पुरे. तू शिक." आणि आठवडाभर दोघेही एकाच गोष्टीची वाट बघत होते. पुढे काय घेणार, सायन्स की आर्ट्स? पोरगी रोज उद्यावर ढकलत होती.

"काय चिमणे, आज इतकी शांत?" वडील म्हणाले. "मांजर आडवं गेलं की भोंगा आडवा पडला?"

आई हसली. हात तोंडावर गेला.

"आई, हात काढ ना," भोंगा म्हणाली.

"काय गं हे?"

"काढ तर."

आईने गोंधळून हात खाली घेतला. भोंगा त्या खाचेकडे बघत राहिली. मग तिने सगळं सांगितलं. रुंद हाड, न आलेले नातेवाईक, दात, सरांची शंका, पोतं. सांगताना तिचा आवाज लहान होत गेला, पण थांबला नाही. इस्त्रीखालचं कापड करपू लागलं तेव्हा कुठे वडिलांनी ती उचलली.

"बिचारी," आई म्हणाली. "कोणाची कोण."

भोंगा उठली. जाऊन मशीनजवळ उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या चाकावर हात ठेवला. आई तिला अडवायला अर्धी उठली.

"मी सायन्स घेणार," भोंगा म्हणाली. "हाडंच शिकणार. आणि इतिहास बाईंकडे जाऊन शिकणार, पेपरात येवो न येवो. पण ते नंतर. आधी मला मशीन शिकवायचं, दोघांनी मिळून. शनिवारी ती पोत्यात जाणार नाही. तिचा कपडा मी शिवणार आहे."