लालमाईचं मलम
"रुसलंय! फळ रुसलंय बाळावर!" बाळांचा 'फळदोष' काढायला आलेली लालमाई किंचाळली, आणि जॅमच्या कारखान्याचं अख्खं कँटीन "अगं बाई!" म्हणत मागे सरकलं. तिनं अर्धी स्ट्रॉबेरी बाळाच्या गालावर खसाखसा घासली होती आणि तिथे लालभडक चट्टा उठला होता. मग डबीतलं वासाचं मलम दुसऱ्या गालाला चोपडून, काहीबाही पुटपुटत तिनं तीच फोड तिथे फिरवली. गाल जसाच्या तसा! "हसलं! दोष गेला. आता खुशाल भरवा!" टाळ्या कडाडल्या.

तीच फोड म्हणजे खरोखर तीच, अकरा बाळांच्या लाळेनं बुळबुळीत झालेली. मी या कारखान्याची नर्स. चेंगरलेली बोटं, भाजलेले हात रोज बघते, पण इतकी किळस मला कधी आली नव्हती.

बारावा नंबर फळं निवडणाऱ्या पोरीचा होता. कडेवर आठ महिन्यांची लेक, मागे सासू. दहा दिवसांपूर्वी या लेकीनं दोन चमचे कुस्करलेली स्ट्रॉबेरी खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. मीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. तपासणी होईपर्यंत कणही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तू इथे काय करतेस?" मी विचारलं.

तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. सासूच फणकारली, "तपासणी पुढच्या महिन्यात! माईचं काम पाच मिनिटांत. गाल साफ निघाला की झालं."

आणि गाल साफ निघाला की माई काय करायची? अख्खं फळ बाळाच्या तोंडात कोंबायची. लिंबाएवढं टणक फळ तिनं काढूनही ठेवलं होतं. ते एखाद्या निरोगी बाळाच्याही घशात अडकलं असतं.

अकराव्या बाळाच्या वेळी मी माईची बोटं नीट बघितली होती. पहिल्या गालावर फोडीची बियांची, खरखरीत बाजू. दुसऱ्यावर अंगठ्यानं हळूच उलटवलेली मऊ बाजू.

"माई, आधी माझ्या हातावर करून दाखवा."

"मोठ्यांवर चालत नाही. निरागस कातडी लागते."

"मग मीच करते."

खोक्यातलं ताजं फळ धुऊन कापलं आणि बियांची बाजू मनगटावर घासली. लाल! मग निवडणारीच्या खिशातली व्हॅसलीनची डबी घेतली, दुसऱ्या मनगटाला चोपडलं आणि मऊ बाजू फिरवली. काही नाही.

"बायांनो, कामावर चढताना हाताला हे का लावता?"

"रस झोंबतो म्हणून," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"तुमच्या राठ हातांना झोंबतो, मग बाळाच्या गालाला झोंबणार नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मुकादमानं माईची डबी उचलून हुंगली. बोटानं चोळून बघितलं. "अहो, हे तर आपल्याच पिंपातलं व्हॅसलीन! वर अत्तर टाकलंय."

"श्रद्धा नसेल तिथे फळ बोलत नाही," माई डब्या गोळा करत म्हणाली.

"फळ कुठेच बोलत नाही," मी म्हटलं. "मुकादम, हिला फाटकाबाहेर काढा."

निवडणारीनं लेकीला जवळ ओढलं. "मग हिचे ओठ सुजले, ते?"

"ते खरं होतं गं. घासून गाल लाल झाला, तर त्यावरून काहीच कळत नाही. खाल्ल्यावर अंग काय करतं ते बघायचं. आज हिनं ते फळ खाल्लं असतं, तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नसता कदाचित."

सासूच्या हातातलं टोपडं खाली पडलं.

इतरांनाही सांगितलं, तुम्हालाही सांगते. सहा महिन्यांनंतर बाळ नीट बसून खायला लागलं, की स्ट्रॉबेरी द्या, घाबरू नका. धुऊन, कुस्करून, पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर, दिवसाढवळ्या, आणि त्या दिवशी दुसरं नवं काही नको. तोंडाभोवती थोडी लाली आली तर बहुधा रसाची. पुसा आणि लक्ष ठेवा. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या, घरघर दिसली की तडक दवाखाना. लहानग्यांना अख्खं फळ देऊ नका. आणि चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी दाखवणाऱ्याचा अंगठा बघा.

सासूनं टोपडं उचललं, झटकलं, नातीच्या डोक्यावर नीट बसवलं.

"नर्सबाई," ती म्हणाली, "तपासणीला तुम्ही याल आमच्याबरोबर?"