शेळीची हाक आणि माझं शेवटचं पान

मी एक जुनी प्रत आहे, ग्रंथालयातल्या एका गोष्टीच्या पुस्तकाची. पाठीला कापडी पट्टी, चारही कोपरे झिजलेले, आणि सत्ताविसाव्या पानावर एक डाग. तो कुणाच्या नाकातून आला हे मी सांगणार नाही. लोक म्हणायचे, हिचं शेवटचं पान हरवलंय. साफ खोटं! मित्रांनो, ते पान कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पुस्तकाला विचारतो कोण?

एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथे शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवून छापायचे, त्यामुळे प्रत्येक अक्षर कागदात रुतून बसायचं. माझा लेखक तेव्हा तरुण होता. तो रोज यायचा आणि कामगारांच्या मध्ये मध्ये करून त्यांची बोलणी खायचा. माझ्यात एकशिंगी शेळीची गोष्ट आहे. धुक्यात तिचा कळप हरवतो आणि त्याला शोधत ती अख्खा डोंगर ओलांडते. शेवटी ती एका झुलत्या पुलापाशी येते. त्यापुढचं शेवटचं पान म्हणजे फक्त तीन वाक्यं होती. ‘शेळीने पुलावरून हाक मारली. पलीकडून कुणीच ओ दिली नाही. शेळी एकटीच पुढे निघाली.’ त्या तीन वाक्यांचा मला भारी तोरा होता. एवढा धीट शेवट आमच्या कपाटात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

पण तोऱ्याने पुस्तकं खपत नाहीत. माझ्या बहिणी दुकानांत धूळ खात पडल्या आणि एकेक करून रद्दीत गेल्या. लेखकाला एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. त्यानंतर त्याने दुसरं पुस्तक लिहिलं नाही, असं मी ऐकलं. मी ग्रंथालयात आले म्हणून वाचले.

तिथे मुलांनी माझी पार दशा करून टाकली. माझी उशी झाली, पंखा झाला, एकदा तर बॅटसुद्धा झाली. शिवण उसवली, शेवटचं पान सुटलं आणि मला बाइंडर काकांकडे पाठवलं. काका हाताचे हुशार, पण स्वभावाने घाईचे. माझं सुटलेलं पान टेबलावर पालथं पडलं होतं. त्याची मागची बाजू कोरी, त्यामुळे काकांना वाटलं, हा पुठ्ठ्याच्या आतून लावायचा कागद. त्यांनी त्याला खळ फासली आणि दिलं चिकटवून! माझी तीन वाक्यं पुठ्ठ्याकडे तोंड करून कायमची बसली. मी मनातल्या मनात खूप ओरडले. काका शीळ घालत पुढच्या पुस्तकाकडे वळले.

आता खरी गंमत ऐका. ग्रंथपाल बाई दर शनिवारी सकाळी मुलांना गोष्ट वाचून दाखवायच्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची. मी बाइंडिंग होऊन आले त्याच शनिवारी त्यांनी मला उघडलं. गोष्ट रंगली, शेळी पुलापाशी आली, मावशींनी पान उलटलं आणि पुढे कोरा कागद! समोर तीसेक मुलं, सगळ्यांचे आ वासलेले.

‘‘मग?’’ पहिल्या ओळीतली एक चिमुरडी म्हणाली. तिची बडबड सारखी चालायची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

मावशींनी मला तोंडासमोर धरलं, म्हणजे मुलांना कोरा कागद दिसू नये. ‘‘मग... मग शेळीने पुलावरून हाक मारली. बेंऽऽ!’’ आणि पुढचं सुचेना म्हणून वेळ काढायला म्हणाल्या, ‘‘आता तिला ओ कोण देणार?’’

तीस मुलं एकदम ओरडली, ‘‘बेंऽऽ!’’

‘‘आणि तिला तिचा कळप सापडला!’’ मावशींनी मला धाडकन मिटलं आणि पदराने कपाळ पुसलं.

झालं! तेव्हापासून तोच शेवट. मुलं दुसऱ्या गोष्टीला तयारच होईनात. मावशी दरवेळी माझ्या कोऱ्या कागदावर नजर ठेवून वाचल्यासारखं करायच्या आणि मुलं मेंढवाड्यासारखी कालवा करायची. मी आतल्या आत चरफडायची. अहो, खरा शेवट तुमच्या अंगठ्याखाली आहे! पण माझं ऐकतो कोण?

वर्षं गेली. शनिवारची मुलं मोठी झाली, नवी येईनाशी झाली. मी खालच्या फळीवर गेले आणि मग एक दिवस सुतळी बांधलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात. मावशींनी तो गठ्ठा पाहिला, मला एकटीला ओढून काढलं आणि आपल्या खणात ठेवलं. त्या उपकाराची मला तेव्हा किंमत नव्हती. खोटा शेवट सांगणाऱ्या बाईचं काय कौतुक, असं मला वाटायचं.

आणि एक दिवस चिमणी आली. आता ती चांगली उंच झाली होती, पण तोंड तसंच सुरू. ती कार्टूनचे सिनेमे करायला शिकली होती आणि तिला माझाच सिनेमा करायचा होता. तिने मला उघडलं आणि हळहळली.

‘‘अरेरे, शेवटचं पान कुणीतरी फाडलं वाटतं. जाऊ दे, तुम्ही वाचायचात तो शेवट मला तोंडपाठ आहे, मावशी.’’

मावशी काहीतरी बोलणार होत्या, पण चिमणी आनंदाने इतकी फुलली होती की त्यांचा धीरच झाला नाही. लेखकाने परवानगीच्या पत्रात लिहिलं, ‘डोळे अधू झालेत, माझ्याकडे प्रतही उरली नाही. तुला आठवतं तसं कर.’ तीन वर्षं तिच्या माणसांनी शेळीचा एकेक केस चितारला. शेवटी मात्र तिने एक वेडेपणा केला. शेळी पुलावर हाक मारते आणि त्यानंतर पडद्यावर नऊ सेकंद काहीच होत नाही. नुसतं धुकं, ना गाणं, ना आवाज. नवव्या सेकंदाला शेळीचे कान ताठ उभे राहतात आणि ती पुलावरून धावत सुटते. मधल्या नऊ सेकंदांत ओ कुणी द्यायची? बघणाऱ्यांनी!

निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘अगं बाई, लोकांना वाटेल मशीन बंद पडलं!’’ त्यांनी तो सिनेमा आधी मोठ्या माणसांना दाखवला. त्या नऊ सेकंदांत एकजण खोकला आणि दुसऱ्याने फोन पाहिला. निर्मात्यांनी शेवटचं सांगून टाकलं. आता एकदा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवू. त्यांच्याकडूनही आवाज आला नाही तर तिथे ढोलांचं गाणं घालायचं आणि शेवट कापायचा. चिमणीचा तो सगळा सिनेमा त्या नऊ सेकंदांवर उभा होता.

खेळ सकाळी अकराचा होता. मी मावशींच्या पिशवीतून गेले. त्यांच्या एका बाजूला चिमणी बसली आणि दुसऱ्या बाजूला काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ. चिमणीने ओळख करून दिली. माझा लेखक! केस पांढरे, पण चेहऱ्यावर तीच मध्ये मध्ये करण्याची हौस. मावशींनी मला त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी मला हुंगलं. मित्रांनो, माझी शिवण उसवता उसवता राहिली!

‘‘आजोबा, शेवट अगदी पुस्तकातला आहे हं,’’ चिमणी म्हणाली. ‘‘शेळी हाक मारते आणि सगळे ओ देतात.’’

आजोबांच्या भुवया वर गेल्या. मावशींचा चेहरा पडला. तेवढ्यात दिवे मालवले. अंधारात मावशी चिमणीच्या कानाशी लागल्या. ‘‘चिमणे, मला माफ कर गं. ते पुस्तकात नाहीये. पान तेव्हाच नव्हतं. ते मी आपलं... माझ्या मनाचं सांगत होते.’’

चिमणीने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता काही बदलता येणार नव्हतं, सिनेमा सुरू झाला होता.

खरं सांगते, पहिला अर्धा तास मी चुका काढत बसले. चौदावं पान सरळ गाळलं! चांभाराची म्हातारी कुठे गेली? पण मुलांना त्याचं काही नव्हतं. शेळी घसरली की ती किंचाळायची, गाढवाने टोपी खाल्ली तेव्हा एक आजी इतक्या हसल्या की त्यांच्या सुनेने पाठ चोळली. तिसऱ्या रांगेत एक छोटी सारखी पुढच्या खुर्चीला लाथा मारत होती. तिचे बाबा सारखे ‘श्श, श्श’ करत होते.

मग धुकं आलं. शेळी पुलावर उभी राहिली आणि तिने हाक मारली.

एक सेकंद, दोन सेकंद. सगळीकडे शांत. निर्मात्यांनी घसा खाकरला. तीन सेकंद झाले आणि मागून एक पोरगा मोठ्याने म्हणाला, ‘‘आई, आवाज गेला!’’ चिमणीने डोळे मिटून घेतले.

आणि मला एकदम कळलं की हाच माझा खरा शेवट. शेळीने हाक मारली, कुणीच ओ दिली नाही. जन्मभर मला हाच हवा होता, आणि आज एवढ्या मोठ्या पडद्यावर तो शब्दाला शब्द चालला होता! पण मला तो मुळीच नको होता. मला वाटलं, अरे, कुणीतरी ओ द्या रे तिला! माझी सगळी पानं पणाला लावीन, पण कुणीतरी ओ द्या!

तिसऱ्या रांगेतली ती लाथाळी छोटी खुर्चीवर उभी राहिली.

‘‘बेंऽऽऽ!’’

‘‘श्श!’’ बाबा म्हणाले.

‘‘बाबा, ती हाक मारतेय ना!’’

‘‘बेंऽऽ!’’ मागून ‘आवाज गेला’ म्हणणारा तोच पोरगा. मग डावीकडून दोघी, मग अख्खी रांग, मग आया, बाबा, त्या हसणाऱ्या आजी आणि दारातला तिकीट तपासणारा! ‘श्श’ करणाऱ्या बाबांनी तर सगळ्यांत जोरात ओ दिली. खुर्च्या थरथरल्या. आणि बरोबर तेव्हाच पडद्यावर शेळीचे कान ताठ उभे राहिले! तिला ऐकू गेलं, असंच सगळ्यांना वाटलं. मुलं खुर्च्यांवर चढून नाचायला लागली. निर्माते साहेबही उभे होते. आवाज कसला काढला ते विचारू नका.

माझ्या अगदी वरच एक चिरका, म्हातारा ‘बें’ निघाला. तो आजोबांचा होता. त्यांचे डोळे वाहत होते.

दिवे लागल्यावर मुलांनी चिठ्ठ्यांवर अभिप्राय लिहिले. एकीने लिहिलं, ‘मी ओरडले म्हणून शेळी वाचली.’ तशाच अर्थाच्या आणखी चाळीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि प्रत्येकाचं म्हणणं की आपणच वाचवली. निर्मात्यांनी त्या दोनदा वाचल्या. ‘‘एक सेकंदसुद्धा कापायचा नाही,’’ ते म्हणाले.

मावशी मात्र अवघडून उभ्या होत्या. ‘‘तुमचा शेवट मी बिघडवला,’’ त्या आजोबांना म्हणाल्या.

आजोबा माझ्या कोऱ्या कागदावर अंगठा फिरवत होते. डोळे अधू असले तरी बोटं शाबूत होती. ते थांबले आणि हसायला लागले. ‘‘अहो, पान इथेच आहे की! उलटी अक्षरं हाताला लागतायत. तीन ओळी, माझ्याच.’’

‘‘पाण्याने सोडवून काढू का?’’ चिमणीने विचारलं.

‘‘छे! राहू दे त्याला पालथंच. पुस्तक काढलं तेव्हा एकाचंही पत्र आलं नव्हतं मला. मला वाटलं, कुणी ऐकलंच नाही, शेळीसारखा मीही एकटाच. आणि या बाई इतकी वर्षं मुलांकडून तिला ओ देववत होत्या!’’

त्यांनी पेन मागितलं आणि त्या कोऱ्या बाजूवर, आपल्याच तीन वाक्यांच्या पाठीवर, चौथं लिहिलं. ‘ओ ऐकू आली.’ खाली सही केली.

आज मी पुन्हा ग्रंथालयात आहे, वरच्या फळीवर. शनिवारी जागा मिळत नाही आणि मावशींचा आवाज बसतो. मित्रांनो, माझी पाठ आता नाजूक आहे, बॅट तेवढी करू नका. पान सुटलं तर चिकटवा, पण आधी उलटून बघा. आणि जुनं पुस्तक दिसलं की उघडून मोठ्याने वाचा. आम्ही सगळे त्या पुलावरच उभे असतो. हाक मारून झालेली असते, आता तुम्ही ओ द्या.