गुडघ्याएवढ्या उंचीवरची खुंटी

बँकेतली चांगली नोकरी सोडून संजीवने परदेशात, बुओना व्हिस्टाला पब काढला, तेव्हा पुण्याहून त्याच्या आईने फोनवर त्या पबला सरळ गुत्ता म्हटलं. हौसेला मोल नसतं, हेच खरं. इंग्लंडमधल्या एका खेड्यातला जुना पब बंद पडला, तर या गृहस्थाने त्याचा बार, बाकं, इतकंच काय, तळघराचं दारसुद्धा जहाजाने मागवलं.

दाराबरोबर गोष्टही आली. तो पब चालवणारे तीन मालक, वेगवेगळ्या काळातले, तळघरात मरून पडलेले सापडले होते. अंगावर ओरखडाही नाही. गाव म्हणे, पहिला मालक अजून खालीच बसलाय, नव्याला पाय धरून ओढतो. संजीव हे गिऱ्हाइकांना रंगवून सांगणार होता. त्याच्या बायकोची, मेधाची मात्र त्या गोष्टीने झोप उडाली. शिवाय दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कंदील टांगायची लोखंडी खुंटी होती.

"इतक्या खाली कंदील कोण टांगतं रे?"

"बुटके असतील," नवरा म्हणाला.

उद्घाटनाच्या सकाळी ती हट्टाला पेटली. बिअरची पिंपं आणि गॅसची सिलिंडरं ठेवलेल्या खालच्या खोलीत आधी दिवा लावायचा, मग धंदा. संजीव हसत निरांजन घेऊन खाली उतरला. ते जुनं दार उघडून आत गेला. ती पायरीवरच थांबली. तिच्या सांगण्यावरून त्याने निरांजन जमिनीवर ठेवलं, आणि ते विझलं.

ती देवाचं नाव घेऊ लागली.

"अपशकुन वगैरे काही नसतं," म्हणत त्याने लायटर पेटवला. छातीशी ज्योत सरळ उभी होती. वाकून हात खाली नेला, तशी गेली. वारा नव्हता. त्याने परत पेटवला, परत गेली.

"डोकं जड झालंय," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला.

मेधाची नजर खुंटीवर गेली. ती खुंटी ठोकणाऱ्याला कंदील उजेडासाठी नको होता. तो तिथे खाली विझतो का, हे त्याला बघायचं होतं.

"संजीव, ऊठ. आधी उभा राहा."

तो उठेना. श्वास रोखून ती आत गेली, त्याच्या काखेत हात घालून त्याला पायऱ्यांवर ओढलं. वर फुटपाथवर तो ओकत बसला, तेव्हा कुठे तिला रडू आलं.

सिव्हिल डिफेन्सच्या बचाव पथकातल्या माणसांनी सांगितलं, बिअरसाठी लागणारा सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड गळत होता. जड असतो, जमिनीलगत साचतो. पूर्वी तळघरात आंबणाऱ्या बिअरमधूनही तो निघायचा. त्याची सूचना देणारा अलार्म सोमवारी बसणार होता.

आता अलार्म आहे. तरीही कुणी खाली जाण्याआधी मेधा त्या खुंटीला छोटा कंदील टांगते आणि ज्योतीकडे बघत राहते. भुताची भीती होती तेव्हा निदान देवाचं नाव घेता येत होतं. आता तिला एवढंच आठवतं, की दिवा जमिनीवर ठेव असं त्याला तिनेच सांगितलं होतं.